बॅग किती झुलली यावरून ठोसा कळत नाही

कराटेच्या क्लासमध्ये ठोशाचा जोर बहुतेक वेळा बॅगेवरून ठरतो. बॅग लांब झुलली तर ठोसा जबरदस्त, जागेवरच राहिली तर मुलाला अजून सराव हवा. हा हिशेब निम्माच बरोबर आहे. ठोसा नीट मोजायचा तर बल मोजणारं साधं यंत्र स्वतः जोडावं, ते कसं ते पाहू.

३० किलोची बॅग घ्या. हुकापासून बॅगेच्या मध्यापर्यंत २ मीटर अंतर आहे आणि ठोशानंतर ती ३० सेंटीमीटर मागे गेली. लंबकाच्या नियमाने तिचा सुरुवातीचा वेग सेकंदाला साधारण ०.६६ मीटर निघतो. त्याला ३० किलोने गुणलं की २० न्यूटन-सेकंद. हा झाला आवेग, म्हणजे बल गुणिले ते जितका वेळ लागलं तो वेळ. मूठ १५ मिलिसेकंद टेकली असेल तर सरासरी बल १३३० न्यूटन आणि शिखर, म्हणजे क्षणभराचं कमाल बल, त्याच्या दुपटीच्या आसपास. पण कुणी तळहात टेकवून दशांश सेकंदभर २०० न्यूटनने बॅग नुसती ढकलली, तरी आवेग २० न्यूटन-सेकंदच भरतो आणि बॅगही तेवढीच झुलते. समोरच्याला मात्र या दोन्हींतला फरक लगेच कळेल!

जत्रेतल्या ठोशाच्या मशीनचं तर बोलायलाच नको. चेंडू किती झपाट्याने मागे गेला ते पाहून मशीन गुण देतं. त्या आठशे-नऊशेला ना किलो लागतं ना न्यूटन.

खरे आकडे कोणत्या घरातले असतात? १९८५ मध्ये ब्रिटिश हेवीवेट फ्रँक ब्रुनोच्या ठोशाचं शिखरबल ४०९६ न्यूटन मोजलं गेलं, म्हणजे सुमारे ४१८ किलोचा भार. २००५ मध्ये ऑलिंपिक दर्जाच्या बॉक्सरांनी डमीच्या चेहऱ्यावर मारलेल्या ठोशांची सरासरी ३४२७ न्यूटन होती आणि मुठीचा वेग सेकंदाला ९ मीटर. आपलं यंत्र नवशिक्याला ८००० न्यूटन दाखवत असेल तर शाबासकी देण्याआधी जोडणी तपासावी.

संकेश्वर-निपाणीकडे उसाच्या ट्रॉल्या ज्या काट्यावर चढतात, त्याच्या पोटात लोडसेल, म्हणजे भार मोजणारे सेन्सर असतात. धातूचा ठोकळा भाराखाली केसभर वाकतो, त्यावर चिकटवलेल्या बारीक पट्ट्यांचा विद्युतरोध बदलतो आणि तो बदल मिलिव्होल्टमध्ये बाहेर येतो. ठोसा मोजायलाही हेच तत्त्व चालतं. फक्त ट्रॉली काट्यावर उभी राहते, आकडा स्थिरावेपर्यंत थांबता येतं. ठोसा तोवर कधीच संपलेला असतो, आणि बहुतेक जोडण्या फसतात त्या इथेच.

काट्यासाठी स्वस्तात मिळणारं एचएक्स ७११ हे मॉड्यूल सेकंदाला १० किंवा फार तर ८० नमुने घेतं, म्हणजे तितक्या वेळा भार वाचतं. ८० नमुने म्हणजे दर साडेबारा मिलिसेकंदांना एक. १५ मिलिसेकंदांच्या ठोशावर एखाददुसराच नमुना पडणार. तो शिखरावर पडला तर आकडा मोठा, उतारावर पडला तर निम्मा. मग तोच मुलगा तेवढाच जोर लावून एकदा १२०० दाखवतो आणि एकदा २६००, आणि दोष त्याच्या स्टान्सला, म्हणजे उभं राहण्याच्या पद्धतीला दिला जातो. सेकंदाला किमान १००० नमुने हवेत, २००० असले तर उत्तम. त्यासाठी सेलचा बारीक व्होल्टेज वाढवणारा आयएनए १२५ सारखा अॅम्प्लिफायर १५० ओहमच्या रोधाने साधारण ४०० पटींवर लावावा आणि त्याचं आउटपुट थेट आर्डुइनो या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डाच्या अॅनालॉग पिनवर द्यावं. ५ व्होल्टवर ५०० किलोच्या सेलमधून पूर्ण भाराला साधारण १० मिलिव्होल्ट येतात. ४०० पटींनी त्याचे ४ व्होल्ट होतात आणि आर्डुइनोची एक पायरी सुमारे ६ न्यूटनांची पडते. पुरेसं आहे.

सेल निवडताना दुसरी चूक होते. बाथरूमच्या काट्यातले ५० किलोचे चार सेल जोडले की २०० किलो होतात, पण ३००० न्यूटन म्हणजे ३०६ किलो. दोन-चार चांगले ठोसे बसले की सेल कायमचा वाकतो आणि शून्य पुन्हा शून्यावर येत नाही. ठोसा झेलणारी फळी आणि भिंतीवरची पट्टी यांच्यामध्ये ५०० किलोचा एस आकाराचा एक सेल मधोमध लावला तर भागतं, मात्र तो आडवा भार सोसत नाही. त्यामुळे तिरका किंवा कडेला बसलेला ठोसा बाद धरायचा.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या शेडमध्ये फळी आणि पट्ट्या कापून मिळतील. पुढची फळी अॅल्युमिनियमची, ३० सेंटीमीटर चौरस, १० मिलिमीटर जाड, म्हणजे अडीच किलोच्या आत ठेवावी. मागची जाड लोखंडी पट्टी दगडी किंवा काँक्रीटच्या भिंतीत अँकर बोल्टने घट्ट बसवावी. पत्र्याच्या शेडचा खांब किंवा लाकडी चौकट नको. फळी जड आणि आधार लवचीक असला की अख्खी जोडणी सेकंदाला ३०-४० वेळा थरथरते आणि वेळेनुसार बल दाखवणाऱ्या आलेखात ठोशामागून खोटे डोंगर उमटतात. वीज मेन्सवरून घेतली तर ५० हर्ट्झची लाट घुसते. तिचा एक फेरा २० मिलिसेकंदांचा, म्हणजे ठोशाच्याच मापाचा, त्यामुळे ती नंतर गाळताही येत नाही. पॉवर बँक वापरा, सेलची वायर आखूड आणि शिल्डवाली ठेवा.

यंत्र खरं बोलतंय का, हे दोन प्रकारे तपासायचं. आधी फळी आडवी ठेवून २०-२० किलोची शिक्का असलेली वजनं एकावर एक ठेवायची. आकडे सरळ रेषेत चढले पाहिजेत. मग ५ किलो वाळूचं छोटं पोतं बरोबर १ मीटरवरून सोडायचं. टेकताना त्याचा वेग सेकंदाला ४.४३ मीटर असतो. वाळू जवळजवळ उसळत नाही, म्हणून पोत्याचा ४९ न्यूटनचा स्थिर भार वजा करून आलेखाखालचं क्षेत्रफळ २२ न्यूटन-सेकंदांच्या आसपास यायला हवं. वजनांना बरोबर आणि पोत्याला चूक असं झालं, तर गोंधळ नमुन्यांच्या वेगात किंवा आधारात आहे.

फळीवर किमान ५ सेंटीमीटर दाट फोम आणि रेक्झिन हवंच. उघड्या मुठीने कडक फळीवर मारलं की करंगळीमागचं हाड मोडू शकतं. फोम जाड केला की संपर्काचा वेळ वाढतो, शिखर उतरतं, आवेग मात्र फारसा बदलत नाही. त्यामुळे १० औंसाच्या ग्लोव्हजचा आकडा १६ औंसाच्या शेजारी मांडण्यात अर्थ नाही.

आलेखात शिखर, शिखरापर्यंतचा वेळ आणि क्षेत्रफळ (म्हणजेच आवेग) अशा तीन गोष्टी पाहायच्या. शिखर बुटकं पण क्षेत्रफळ मोठं असेल तर मुलगा ढकलतोय. शिखर उंच पण क्षेत्रफळ किरकोळ असेल तर हात एकटाच गेलाय, कंबर मागे राहिली. गियाकू-झुकीत, म्हणजे मागच्या हाताच्या ठोशात, हे हमखास दिसतं. मोबाइलच्या २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये सेकंदाला ८ मीटरची मूठ एका फ्रेममध्ये ३.३ सेंटीमीटर सरकते, म्हणून मागे भिंतीवर पट्टी लावली की वेगही मिळतो. २० न्यूटन-सेकंद भागिले ८, म्हणजे अडीच किलो. ठोशामागे प्रत्यक्षात एवढंच वस्तुमान उतरलं. प्रशिक्षकाला शिखरापेक्षा हा आकडा जास्त उपयोगाचा.

अंग गरम झाल्यावर, ३० सेकंदांच्या अंतराने पाच ठोसे घ्यावेत आणि सर्वांत मोठा नव्हे तर मधला आकडा लिहावा. सोबत ग्लोव्हजचं वजन आणि तारीख. फोम दबत जातो, शिवाय बेळगाव-खानापूरकडच्या पावसाळ्यात ओल धरून तो वेगळाच वागतो, म्हणून वाळूच्या पोत्याची चाचणी दर महिन्याला, आणि जून ते सप्टेंबर दर आठवड्याला करावी. त्याच पोत्याचं शिखर दहा टक्क्यांनी सरकलं की फोम बदलायचा आणि वहीत नवं पान सुरू करायचं.