व्हॉल्व्हचा प्रीअ‍ॅम्प: गरज कुठून आली आणि निवड कशानं ठरते

घरच्या सिस्टिमला व्हॉल्व्हचा प्रीअ‍ॅम्प जोडायचा म्हटलं की लोक आधी व्हॉल्व्हचा नंबर विचारतात. (व्हॉल्व्ह म्हणजे विद्युत संदेश वाढवणारी काचेची निर्वात नळी; प्रीअ‍ॅम्प म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या पॉवर अ‍ॅम्पच्या आधीचं, क्षीण संदेश वाढवणारं यंत्र.) १२एएक्स७ घेऊ की १२एयू७? माझ्या मते त्याआधी हे यंत्र मुळात कशासाठी जन्मलं ते पाहावं. निवडीचं निम्मं उत्तर त्या इतिहासातच आहे.

ली डी फॉरेस्टनं १९०६ मध्ये तीन इलेक्ट्रोडचा व्हॉल्व्ह बनवला आणि क्षीण विद्युत संदेश मोठा करता येऊ लागला. पण घरात वेगळा प्रीअ‍ॅम्प लागू लागला तो मुख्यतः तबकडीमुळे. १९४८ मध्ये लाँग प्ले रेकॉर्ड आली. तिच्यावरच्या मॅग्नेटिक पिकअपमधून (सुईची थरथर विजेत बदलणाऱ्या भागातून) जेमतेम ५ मिलिव्होल्ट निघतात. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज दाबलेला आणि तार स्वर चढवलेला असतो. वाजवताना तो तोल परत सावरावा लागतो आणि त्यासाठीचं आरआयएए हे अमेरिकी रेकॉर्ड उद्योगाचं प्रमाण १९५४ मध्ये ठरलं. एवढं काम पेलायला भरपूर गेन (संदेश वाढवण्याची ताकद) हवा. १२एएक्स७, म्हणजेच युरोपातला ईसीसी८३, इथे कामी आला, कारण त्याचा वर्धनांक (संदेश जास्तीत जास्त किती पट वाढेल तो आकडा) १०० आहे. १९५८ च्या मरांट्झ मॉडेल ७ या गाजलेल्या प्रीअ‍ॅम्पमध्ये असे सहा व्हॉल्व्ह होते.

आपल्याकडे हा व्हॉल्व्ह दिवाणखान्यातल्या रेकॉर्ड प्लेअरपेक्षा मांडवात जास्त राबला. भाऊबीजेनंतर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडया (जत्रा) भरतात आणि रात्रभर नाटकं चालतात. रंगमंचावर टांगलेल्या माइकमधूनही काही मिलिव्होल्टच येतात. भोंग्यापर्यंत जायचं तर आधी ते वाढवायला हवेत, म्हणून लाऊडस्पीकरवाल्याच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये पहिल्या टप्प्यावर बहुधा ईसीसी८३ असायचा. गडचिरोली-भंडाऱ्याच्या प्रेक्षकांनी नटाचा आवाज वर्षानुवर्षं याच व्हॉल्व्हमधून ऐकला, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

घरातला व्हॉल्व्ह म्हणजे रेडिओ. नागपूरचं आकाशवाणी केंद्र १९४८ चं, पण गावोगाव वीज पोचायला पुढे बरीच वर्षं लागली. तोवर ९० व्होल्टच्या कोरड्या बॅटरीवर चालणारे सेट होते. वीज आल्यावर मोठे सेट आले, स्टेशन नीट लागलं की मिटत येणारा हिरवा डोळा आला. बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स साठच्या दशकात रेडिओचे व्हॉल्व्ह देशातच बनवू लागली, त्यामुळे ते मिळणं सोपं झालं. पुढे ट्रान्झिस्टरनं हे सगळं मागे सारलं.

१९८२ मध्ये सीडी बाजारात आली आणि गणितच बदललं. सीडी प्लेअर थेट २ व्होल्ट देतो, आजचे बरेच डॅकही (डिजिटल संदेशाचा आवाजाचा संदेश करणारे डबे) तेवढेच देतात. पॉवर अ‍ॅम्पला पूर्ण आवाजासाठी साधारण १ ते दीड व्होल्ट पुरतात. म्हणजे जास्तीच्या गेनची गरजच उरली नाही! तरी नावाला भुलून १२एएक्स७ चा लाइन प्रीअ‍ॅम्प (सीडी-डॅकसारख्यांसाठीचा) घेतला जातो. मग व्हॉल्यूमचं बटण जरा फिरवलं की घर दणाणतं, आणि व्हॉल्व्हची घूंघूंही तितकीच वाढून ऐकू येते. मोबाइल किंवा डॅकवरून ऐकणाऱ्यानं १२एयू७ किंवा ६एसएन७ पाहावा. यांचा वर्धनांक २० च्या आसपास आहे. रेकॉर्ड वाजवायच्या असतील तर फोनो विभाग असलेलाच घ्यावा, तिथे १२एएक्स७ हक्कानं शोभतो.

दुसरी अडचणही इतिहासातूनच आलेली. जुन्या व्हॉल्व्ह पॉवर अ‍ॅम्पचा इनपुट इम्पिडन्स (येणाऱ्या संदेशाला होणारा विरोध) काही लाख ओहम असे, त्यामुळे प्रीअ‍ॅम्पवर भार पडत नसे. आजच्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पचा तो १० ते ४७ हजार असतो. प्रीअ‍ॅम्पच्या आउटपुटला ०.४७ मायक्रोफॅराडचा कपॅसिटर (डीसी अडवून संदेश पुढे सोडणारा भाग) असेल आणि पुढचा अ‍ॅम्प १० हजार ओहमचा, तर ३४ हर्ट्झच्या जवळच खर्ज गळू लागतो. तोच अ‍ॅम्प १ लाख ओहमचा असता तर ही गळती ३.४ हर्ट्झवर गेली असती, म्हणजे कानाला कळलीच नसती. पखवाजाची खर्जाची थाप पोकळ वाटली तर व्हॉल्व्हला दोष देण्याआधी हे तपासा. प्रीअ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स पुढच्या अ‍ॅम्पच्या इनपुटच्या दहाव्या भागाहून कमी हवा. कॅथोड फॉलोअर (व्हॉल्व्हच्या कॅथोडवरून आउटपुट घेणारा टप्पा) असलेल्या रचनेत तो सहसा कमी मिळतो.

स्वस्तातल्या ६जे१ व्हॉल्व्हच्या डब्यांबद्दलही सांगायला हवं. त्यात प्लेटला (व्हॉल्व्हमधल्या धन इलेक्ट्रोडला) पुष्कळदा ५० व्होल्टसुद्धा मिळत नाहीत, तर या व्हॉल्व्हची माहिती-पत्रकं त्याहून पुष्कळ जास्त व्होल्टवर आखलेली. व्हॉल्व्ह पेटलेला दिसतो, पण तो मोकळेपणानं काम करत नाही. मी ते सुचवणार नाही.

राहिली आपली विजेची लाइन. व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या ६.३ व्होल्टच्या हीटरला दहा टक्के कमीजास्त चालतं, म्हणजे साधारण ५.७ ते ६.९. वावरातल्या मोटारी सुरू झाल्या आणि घरात २३० चे १८० व्होल्ट राहिले, तर साध्या ट्रान्सफॉर्मरवर हीटरला ४.९ च मिळतात. म्हणून हीटरचा पुरवठा रेग्युलेटेड (लाइन कमीजास्त झाली तरी स्थिर राहणारा) आहे का, हे घेताना विचाराच. नसेल तर स्टॅबिलायझर लावा. पॉवर अ‍ॅम्प ट्रान्झिस्टरचा ठेवला तर उन्हाळ्यात खोलीही तापत नाही: ईसीसी८३ किंवा १२एयू७ च्या एका हीटरला २ वॅटही लागत नाहीत.