बुजऱ्या मुलाच्या डोक्यात काय चालतं?

मे महिना आला की 'आठ दिवसांत बुजरेपणा घालवा' अशा शिबिरांची पत्रकं वर्तमानपत्रासोबत घरात येऊन पडतात. बुजरेपणा ही जडलेली वाईट खोड, नाहीतर आईवडिलांच्या लाडाचं फळ, असं त्यांत गृहीतच धरलेलं असतं. हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी मात्र त्याचा माग पार पाळण्यापर्यंत काढला.

त्यांनी ४ महिन्यांच्या बाळांसमोर रंगीत खेळणी हलवली, अनोळखी आवाज ऐकवले, अल्कोहोलमध्ये बुडवलेला बोळा नाकाशी धरला. पाचांतलं साधारण एक बाळ हातपाय झाडू लागलं, पाठीची कमान करून रडू लागलं. (आपल्याकडे अशा बाळाची मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढतात. म्हणजे बिचाऱ्याला आणखी एक अनोळखी वास!) यांतली बरीच बाळं दुसऱ्या वर्षीही नवं माणूस दिसलं की आईला बिलगत.

केगन यांनी बोट ठेवलं ते अमिग्डलावर. मेंदूत कानशिलांच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना एकेक, बदामाच्या आकाराचा हा पेशींचा पुंजका. डोळ्याकानांनी टिपलेलं त्याच्या बाहेरच्या बाजूच्या केंद्रकात, म्हणजे पेशींच्या एका गटात, येतं, तिथून मध्य केंद्रकात, आणि तिथून एकाच वेळी अनेक ठिकाणी हुकूम सुटतात. हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाशी असलेल्या भागाकडे गेलेला हुकूम अनुकंपी चेतासंस्थेला, म्हणजे संकटात शरीर सज्ज करणाऱ्या नसांच्या जाळ्याला, जागं करतो: नाडी वाढते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. मेंदूस्तंभाकडे, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागाकडे, गेलेला हुकूम शरीर जागच्या जागी थिजवतो. घशाचे स्नायू आवळले जातात आणि आवाज फुटत नाही. एरवी व्हेगस ही चेता (नस) हृदयाला आवर घालत असते. श्वास सोडताना तिचा जोर वाढतो, म्हणून ठोके किंचित मंदावतात. बुजऱ्या मुलांमध्ये हा चढउतार कमी आणि नाडी मुळातच जलद आढळली. थोडक्यात, अमिग्डला सगळ्यांनाच असतो. या मुलांचा लवकर पेटतो, इतकंच.

हे अनुमान मेंदूत डोकावून तपासायला बरीच वर्षं जावी लागली. २००३ साली कार्ल श्वार्ट्झ, केगन आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' या विज्ञान-नियतकालिकात निष्कर्ष छापले. दुसऱ्या वर्षी बुजरी म्हणून नोंदलेली मुलं आता विशीत होती. एमआरआय यंत्रात त्यांना ओळखीचे आणि नवे चेहरे दाखवले. नव्या चेहऱ्यांना त्यांचा अमिग्डला, लहानपणी न बुजणाऱ्यांपेक्षा, जास्त प्रतिसाद देत होता. घरात धुमाकूळ घालणारं मूल पाहुण्यांसमोर मूग गिळून का बसतं, याचं उत्तर यात आहे. नमुना लहान होता, अवघ्या २२ जणांचा, हेही सांगायला हवं.

एकांतप्रियता ही वेगळी गोष्ट. एकांतप्रियाला माणसं नकोशी असतात असं नाही, त्याला एकटं राहूनही बरं वाटतं. बुजऱ्याला माणसं हवी असतात, पण जवळ जाताच छाती धडधडते.

पाळण्यात हातपाय झाडणारी सगळीच बाळं पुढे बुजरी झाली नाहीत. केगन यांच्या सहकारी डोरीन आर्कस यांनी घरोघरी जाऊन आयांचं वागणं पाहिलं. कुरकुर ऐकताच दर वेळी उचलून घेतलेली बाळं पुढे जास्त बुजरी राहिली. जिथे आई थोडं थांबायची, 'हे नाही करायचं' असं ठामपणे सांगायची, तिथे तीच झाडाझाड करणारी बाळं दुसऱ्या वर्षी कमी घाबरत होती.