गाठीच्या रिपोर्टमधले टक्के

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या एखाद्या लॅबमधून लिम्फोमाचा, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरचा, रिपोर्ट हाती आला की घरच्यांची नजर एकाच ओळीवर अडकते: 'केआय-६७: ९० टक्के'. कॅन्सर ९० टक्के पसरला, असाच अर्थ काढला जातो. तो चूक आहे. तपासलेल्या तुकड्यातल्या दर १०० कॅन्सरपेशींपैकी ९० पेशी विभागणीच्या चक्रात आहेत, एवढंच हा आकडा सांगतो. डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा, म्हणजे बी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींचा, मोठ्या माणसांत सर्वाधिक आढळणारा आक्रमक लिम्फोमा, याच्यात हा आकडा बहुतेकदा चढाच असतो आणि एकट्याने भवितव्य ठरवत नाही. मॅन्टल सेल या दुसऱ्या प्रकारच्या लिम्फोमात मात्र ३० टक्क्यांच्या वर गेला तर तो गांभीर्याने घ्यावा लागतो.

हे टक्के येतात कुठून? मेणात बसवलेल्या गाठीचा ३-४ मायक्रॉनचा काप काचेवर घेतात, बफरमध्ये तापवतात आणि एकेका प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी त्यावर सोडतात. प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग उमटतो. सीडी२० या बी-पेशींवरच्या प्रथिनाचा रंग पेशीच्या कडेला येतो, मिक (MYC) आणि केआय-६७ या प्रथिनांचा केंद्रकात.

सीडी२० असणं उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचं, कारण आर-चॉप या नेहमीच्या औषधयोजनेतलं रिटुक्सिमॅब हे औषध त्यालाच धरतं. या उपचाराने डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमाच्या १०० पैकी साधारण ६० रुग्ण बरे होतात. पुढे या लिम्फोमाचा गट ठरवायची २००४ मधली हान्स पद्धत तीन प्रथिनांवर चालते. सीडी१० किमान ३० टक्के पेशींत दिसलं तर जर्मिनल सेंटर (लसिकाग्रंथीतली बी-पेशी घडण्याची जागा) गट. नाही दिसलं तर बीसीएल६ पाहायचं. तेही नसेल तर नॉन-जर्मिनल. बीसीएल६ असेल तर निकाल एमयूएम१ वर: ते असलं तर नॉन-जर्मिनल, नसलं तर जर्मिनल सेंटर. आर-चॉपवर जर्मिनल सेंटर गटाचं सरासरीने बरं चालतं. पण जनुकांच्या तपासणीशी ताडलं तर साधारण पाचातल्या एकाचा गट या पद्धतीत चुकतो, म्हणून या ओळीवर फार विसंबू नये.

जास्त लक्ष द्यावं ते मिक आणि बीसीएल२ या जोडीकडे. मिक पेशीला विभागत ठेवतं, बीसीएल२ तिला मरू देत नाही. मिक ४० टक्के आणि बीसीएल२ ५० टक्क्यांच्या वर असेल तर त्याला 'डबल एक्सप्रेसर' म्हणतात. आजार उलटण्याची शक्यता वाढते. 'डबल हिट' ही वेगळी गोष्ट. त्यात ही प्रथिनं बनवणाऱ्या दोन्ही जनुकांचीच जागा बदललेली असते आणि ते फिश या जनुकांची जागा दाखवणाऱ्या तपासणीतच कळतं. बहुतेक डबल एक्सप्रेसर डबल हिट नसतात. डबल हिट निघालं तर अनेक डॉक्टर आर-चॉपपेक्षा कडक औषधयोजना निवडतात, म्हणून फिश झाली का, हे पहिल्या किमोआधी विचारून घ्यावं. शिवाय वय, स्टेज, रक्तातलं एलडीएच हे एन्झाइम, रुग्णाची हिंडण्या-फिरण्याची ताकद आणि लसिकाग्रंथींबाहेरच्या जागा, हे १९९३ पासूनचे पाच निकष सोबत वाचल्याशिवाय भवितव्याचा अंदाज पुरा होत नाही.

आकडे बिघडतात ते बहुधा लॅबच्या आधी. गडचिरोलीहून किंवा बालाघाटहून निघालेली गाठ सलाईनच्या बाटलीत असेल तर मे महिन्यात नागपूरला पोहोचेस्तोवर पेशी सडायला लागतात. पेशी टिकवणारं फॉर्मॅलिनही तासाला जेमतेम एक मिलिमीटर आत शिरतं. तीन सेंटिमीटरची अख्खी गाठ तशीच बुडवली तर कडेला रंग छान येतो, मधला भाग कोरा राहतो आणि टक्के खोटे निघतात. गाठ काढताच मधोमध चिरावी आणि तिच्या दहा ते वीसपट १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये ठेवावी. सूज उतरावी म्हणून बायोप्सीआधी स्टेरॉइड दिलं तर लिम्फोमाच्या पेशी विरघळतात आणि निदानच हुकू शकतं. आपल्याकडे मानेच्या गाठीत टीबीची शंका येणं रास्तच, पण तुकडा तपासल्याशिवाय महिनोन्‌महिने टीबीच्या गोळ्या चालू ठेवू नयेत. बारीक सुईच्या तपासणीवरही थांबू नये. गाठीची रचना पाहायला अख्खी गाठ किंवा जाड सुईचे तुकडेच लागतात.

लॅबमध्येही एक खाच आहे. बीसीएल२ साठी नेहमी वापरली जाणारी १२४ क्रमांकाची अँटिबॉडी, प्रथिनात बदल झाला असेल तर चिकटतच नाही. प्रथिन असूनही काच कोरी दिसते. शंका आली की ई१७ सारख्या दुसऱ्या अँटिबॉडीने पुन्हा पाहावं. निरोगी टी-पेशींतही बीसीएल२ असतं, तेव्हा त्या चुकून मोजल्या जाऊ नयेत.

दुसऱ्या मतासाठी मुंबईला जाताना रिपोर्टसोबत मेणाचा ब्लॉकही न्यावा. हे मेण साधारण ५६ ते ६० अंशांना वितळतं. उन्हात उभ्या बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तेवढा ताप सहज होतो, तेव्हा ब्लॉक हातातल्या पिशवीत, सावलीत ठेवावा. आजार परतला तर जुन्या ब्लॉकवर न थांबता नवी बायोप्सी करावी, कारण रिटुक्सिमॅबनंतर सीडी२० नाहीसं झालेलं असू शकतं. तेव्हा पॅक्स५ आणि सीडी७९ए या बी-पेशींच्या दुसऱ्या प्रथिनांची तपासणी मागून घ्यावी, म्हणजे पेशी बी-वंशाच्याच आहेत हे कळतं.