टेबलावर माणसं वाढली की पत्ते मोजणाऱ्याचं काय होतं?

ब्लॅकजॅक म्हणजे कसिनोतर्फे पत्ते वाटणाऱ्या डीलरविरुद्ध 21 च्या जवळ जायचा खेळ, 21 च्या वर गेलं की बस्ट, म्हणजे बाद. डीलरच्या आधी खेळणाऱ्या शेवटच्या खुर्चीवरच्या माणसाने नको तिथे पत्ता मागितला आणि बस्ट होणारा डीलर वाचला, ही तक्रार ब्लॅकजॅकच्या कुठल्याही टेबलावर ऐकू येते. तिच्या जोडीला दुसरी, की गर्दी असली की चांगले पत्ते बाकीचेच खाऊन टाकतात. पत्ते मोजणाऱ्यांतही, म्हणजे कुठले पत्ते निघून गेले याचा हिशोब ठेवून पैज ठरवणाऱ्यांतही, हे मानणारे बरेच आहेत. पण गणित करून बघितलं की खरा फरक भलत्याच ठिकाणी सापडतो, आणि मला हा भाग फार आवडतो म्हणून जरा निवांत सांगतो.

आधी बस्टचं बघू. समजा डीलरकडे छक्की आणि दश्शी आहे, म्हणजे 16, त्याला पत्ता घ्यावाच लागणार. उरलेत दोनच पत्ते, एक राजा आणि एक पंजी, वर कुठला आहे ते कोणालाच माहीत नाही. शेवटच्या माणसाने पत्ता घेतला नाही तर डीलरला वरचा मिळतो, राजा आला तर 26 होऊन बस्ट, पंजी आली तर 21. त्याने घेतला तर डीलरला खालचा मिळतो, आणि तिथेही राजा किंवा पंजी असण्याची शक्यता निम्मी निम्मीच. म्हणजे तो माणूस जितक्या वेळा आपलं नुकसान करतो तितक्याच वेळा आपल्याला वाचवतो, फक्त वाचवलेलं लक्षात राहत नाही. दोनच्या जागी दोनशे पत्ते घ्या, तरी हेच. आपण न बघितलेला पत्ता गठ्ठ्यात पहिला आहे का सातवा, याने काही फरक पडत नाही.

आता मोजणीकडे येऊ. एडवर्ड थॉर्पने आयबीएम 704 कॉम्प्युटरवर हिशोब करून 1962 मध्ये पुस्तक काढलं, तिथून हा प्रकार लोकांपर्यंत पोहोचला. सगळ्यात जास्त वापरली जाते ती हाय-लो पद्धत: 2 ते 6 दिसला की अधिक एक, 7 ते 9 ला शून्य, दहा, चित्रं आणि एक्का दिसला की वजा एक. बारीक पत्ते निघून गेले की उरलेल्यात मोठे पत्ते जास्त, त्यामुळे ब्लॅकजॅक (पहिल्याच दोन पत्त्यांत एक्का आणि दहाचा पत्ता, ज्याला जास्त पैसे मिळतात) जास्त लागतात आणि डीलर 12 ते 16 वर अडकला की जास्त वेळा बस्ट होतो. या बेरजेला चालू काउंट म्हणतात, त्याला उरलेल्या कॅटांच्या संख्येने भागलं की ट्रू काउंट मिळतो. साधारण नियमांत कसिनो अर्ध्या टक्क्याने पुढे असतो आणि ट्रू काउंट एकने वाढला की पारडं जवळपास अर्धा टक्का आपल्याकडे झुकतं.

मग गर्दी चांगले पत्ते खाते का? दोन कॅट म्हणजे 104 पत्ते उरलेत आणि चालू काउंट 12 आहे असं धरा, म्हणजे ट्रू काउंट 6. बाकीच्यांनी 20 पत्ते घेतले तर सरासरी चालू काउंट 9.7 च्या आसपास येणार, पण पत्तेही 84 उरणार, म्हणजे साधारण 1.6 कॅट. भागून बघा, परत 6 च. एखाद्या डावात वरखाली होईल, सरासरी मात्र जागची हलत नाही. चांगले पत्ते खाल्ले जातात हे खरं, पण वाईट शूमध्ये (शू म्हणजे अनेक कॅट एकत्र ठेवून पत्ते वाटायची पेटी) वाईट पत्तेही तेच लोक खातात.

फरक पडतो तो डावांच्या संख्येत. एका हाताला, म्हणजे एका खेळाडूच्या किंवा डीलरच्या वाट्याला, सरासरी 2.7 पत्ते लागतात. सहा कॅटांचा शू म्हणजे 312 पत्ते, त्यातला पाऊण भाग वाटला तर 234. आपण एकटे आणि डीलर, म्हणजे डावाला साडेपाच पत्ते, शूमधून 43 डाव निघतात. सात जण बसले की डावाला 21-22 पत्ते जातात आणि डाव मिळतात जेमतेम 11. तासाचा हिशोबही तसाच, एकट्याला 200 च्या आसपास, भरलेल्या टेबलावर 50 च्या आसपास.

हे एवढं महत्त्वाचं का, तर नशिबाचा धुरळा फार मोठा असतो. समजा प्रत्येक डावात 1 टक्का फायदा आहे आणि पैज सारखीच लावतोय. 100 डावांनंतर अपेक्षित कमाई 1 पैज, आणि नशिबाने होणारी वरखाली साधारण 11 पैजांची. 10,000 डावांनंतर कमाई 100 पैजा आणि वरखाली 115 च्या आसपास, म्हणजे कुठे दोघं बरोबरीला येतात. कमाई डावांच्या पटीत वाढते आणि वरखाली वर्गमुळाच्या पटीत. हे 10,000 डाव एकट्याला 50 तासांत होतात, गर्दीत 200 तास लागतात. पत्ते तेच, मोजणीही तीच, फक्त आयुष्य चौपट खर्च.

एकाच कॅटच्या खेळात तर गर्दी जीवघेणी ठरते. तिथे मोजणाऱ्यांचा ठोकताळा असा की खेळाडू आणि डाव यांची बेरीज सहा येते, एकटा असेल तर पाच डाव आणि पाच जण असतील तर एकच डाव वाटून पत्ते परत पिसले जातात. एकच डाव म्हणजे पैज लावताना काउंट कायम शून्य! मोजणीचा खरा फायदा कमी-जास्त पैज लावण्यात आहे, तोच गेला, उरला फक्त पत्ता घ्यायचा का नाही एवढाच निर्णय.

गर्दीचं एक बरं असतं, शेवटच्या खुर्चीवर बसलं की निर्णयाआधी भरपूर पत्ते दिसतात. आणि मोजायला वाटतं तितकं अवघडही नाही, जोड्या खोडत जायचं. पहिल्याकडे गुलाम आणि पंजी, कटले. दुसऱ्याकडे 3 आणि 4, अधिक दोन. तिसऱ्याकडे एक्का आणि छक्की, कटले. चौथ्याकडे राजा-राणी, वजा दोन, म्हणजे परत शून्य. पाचव्याकडे दुर्री आणि अठ्ठी, अधिक एक. डीलरची पंजी, अधिक दोन. एवढंच.

दुसरी युक्ती म्हणजे काउंट चढला की दोन हात घ्यायचे, प्रत्येकावर नेहमीच्या पाऊणपट पैज, म्हणजे धोका तेवढाच ठेवून एकूण पैसा दीडपट. एकटे असाल तर पत्तेही दीडपट संपतात, दोन हातांच्या जागी तीन, हातात काही उरत नाही. पण टेबलावर आणखी पाच जण असतील तर सात हातांचे आठच होतात, म्हणजे 14 टक्के पत्ते जास्त आणि पैसा 50 टक्के जास्त. गर्दीतच ही युक्ती फळते.

1970 च्या दशकात अल फ्रान्सेस्कोने माणसं आपल्या बाजूने वापरली. त्याचे साथीदार वेगवेगळ्या टेबलांवर कमीत कमी पैज लावून नुसते मोजत बसायचे, काउंट चढला की खूण करायचे, आणि मोठ्या पैजेवाला येऊन फक्त चांगलेच डाव खेळायचा. संथ टेबलाचा त्रास मग बराच हलका होतो, कारण पाच-सहा शू एकाच वेळी मोजले जात असतात. म्हणूनच आता कितीतरी टेबलांवर शू सुरू झाल्यावर नवीन माणसाला मध्येच बसू देत नाहीत.