सूचक जाहिरात आणि पर्यटनस्थळाची प्रतिमा : नाशिक

जे थेट सांगायचे नाही, किंवा कायद्याने सांगता येत नाही, ते चित्रातून, प्रश्नातून, द्व्यर्थी ओळीतून वा नुसत्या सुरातून पोचवणाऱ्या जाहिरातीला सूचक जाहिरात म्हणतात. अर्धी गोष्ट जाहिरातदार बोलतो, उरलेली गिऱ्हाईक मनात पुरी करते. आणि गिऱ्हाईकाने स्वतःच पुऱ्या केलेल्या अर्थाचा जाब जाहिरातदाराला विचारणे अवघड असते. साबणाच्या वा पानमसाल्याच्या बाबतीत हे प्रकरण त्या वस्तूपाशी थांबते. पर्यटनस्थळाच्या बाबतीत मात्र सूचना, म्हणजे न बोलता सुचवलेला अर्थ, गावाच्या नावाला चिकटते, आणि त्या जाहिरातीशी काडीचाही संबंध नसलेले लोक तेच नाव रोज वापरत असतात. नाशिकच्या नावाखाली तीर्थक्षेत्र आणि वाइन दोन्ही नांदतात, त्यामुळे हा प्रकार तिथे चांगलाच ठळक दिसतो.

पर्यटनाचे अभ्यासक क्लेअर गन यांनी १९७२ मध्ये स्थळाच्या प्रतिमेचे दोन भाग पाडले : बातम्या, पुस्तके, ऐकीव गोष्टी यांतून आपसूक घडलेली प्रतिमा आणि प्रचाराने मुद्दाम घडवलेली प्रतिमा. नाशिकची जुनी ओळख जवळजवळ पूर्ण पहिल्या प्रकारातली आहे. पंचवटी, काळाराम मंदिर, रामकुंडावरचे अस्थिविसर्जन, बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ, हवापालटासाठीची देवळाली, नाशिकरोडचा नोटांचा छापखाना, चिवडा. यातले काहीच जाहिरात कंपनीने घडवलेले नाही. गोदाघाटावर निघालेला नाशिककर आजही ‘गंगेवर जाऊन येतो’ असेच म्हणतो.

दुसरी प्रतिमा गेल्या पंचवीसेक वर्षांतली. सुला व्हिनयार्ड्सची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले, उत्पादन शुल्कात सवलती दिल्या, विंचूरला वाइन पार्क उभे राहिले. माल तयार झाला, पण तो विकायचा कसा हा पेच होताच. १९४९ चा दारूबंदी कायदा मादक पेयांच्या जाहिरातीला मनाई करतो, आणि केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ नुसार दूरचित्रवाणीवर ती थेट काय, आडवळणानेही चालत नाही. बाकीच्या मद्यांनी त्याच नावाच्या सोडा आणि म्युझिक सीडीच्या जाहिरातींचा आडोसा घेतला. वाइनला आडोशासाठी अख्खे गाव मिळाले. बाटली दाखवायची सोय नव्हती, पण गंगापूर धरणामागे मावळणारा सूर्य, मळ्याची उतरती रांग, हसणारे जोडपे, गवतावर काढून ठेवलेल्या चपला हे सगळे दाखवायला कुणाची हरकत नव्हती. सुलाने २००५ मध्ये मळ्यातच वाइन चाखण्याची टेस्टिंग रूम उघडली, २००८ पासून सुलाफेस्ट हा संगीत महोत्सव सुरू केला. इतर वाइनरीही पाठोपाठ आल्या. वाइन विकायला पर्यटन आणि पर्यटन विकायला नाशिकचे नाव, असा क्रम लागला. नाशिकच्या आजच्या चैनी प्रतिमेत जाहिरातबंदीचा वाटा जाहिरातदारांच्या कल्पकतेइतकाच मोठा मानावा लागतो.

अशी जाहिरात चालते कशी, ते एका ओळीवरून पाहता येईल. ‘ऑफिसात सांगा, त्र्यंबकला चाललोय.’ ओळ इथे नमुन्यादाखल रचलेली आहे; पण ही धाटणी मुंबई-पुण्याच्या वाचकाला अनोळखी वाटणार नाही. तिच्यात वाइन नाही, मुक्काम नाही, सोबत कोण हेही नाही. ती पेलून धरली आहे ती त्र्यंबकेश्वराने. ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाची रजा कुठलाही साहेब सहसा नाकारत नाही, म्हणून तर थापेला गंमत आहे. त्र्यंबकच्या जागी लोणावळा घालून पाहा, ओळ तिथेच मरते. म्हणजे चावट सूचनेला सोज्वळ नावाची गरज असते आणि ती त्या नावाच्या पुण्याईवरच जगते. लावणी आणि वगात मुरलेल्या मराठी कानाला यात काही गैरही वाटत नाही. वाटते ते नंतर, खरोखर अभिषेकाला निघालेल्या माणसाला सहकारी डोळा मारून ‘दर्शनाला ना? कळलं, कळलं’ म्हणतात तेव्हा.

त्र्यंबक स्वतःही या खेळाबाहेर नाही, आणि ही बाजू वाइनच्या चर्चेत कुणी काढत नाही. ‘विवाहात अडथळे? संततीसुख नाही? धंद्यात यश नाही?’ अशा प्रश्नांनी सुरू होणाऱ्या कालसर्प शांती आणि नारायण नागबळीच्या जाहिराती याच जातीच्या. मूल होईल असे वचन कोणी देत नाही. ते काम प्रश्नचिन्ह करते. नारायण नागबळी हा तीन दिवसांचा विधी, त्यामुळे मुक्काम, भोजन, दक्षिणा असे त्याचे अर्थकारण मोठे. एकेकाळी ज्योतिर्लिंग, गोदावरीचे उगमस्थान आणि कुशावर्त यांसाठी ओळखले जाणारे क्षेत्र परप्रांतातल्या अनेकांना आता आधी ‘दोष काढण्याचे ठिकाण’ म्हणून ठाऊक होते. तिकडे मोहाला हात घातला जातो, इथे भीतीला, रीत एकच.

इगतपुरी तालुक्यात ही रीत आणखी पुढे गेलेली दिसते. भाड्याच्या व्हिलांच्या जाहिरातीत ‘प्रायव्हेट पूल’, ‘शेजारी कोणी नाही’, ‘म्युझिकला वेळेचे बंधन नाही’ अशा ओळी येतात. तिन्ही वाक्ये निरुपद्रवी; एकत्र वाचली की अर्थ आपोआप उमगतो. जून २०२१ मध्ये इगतपुरीच्या बंगल्यांत चाललेल्या पार्टीवर पोलिसांनी छापा घातला आणि बातमी देशभर गेली. बातमी बदनामीची होती खरी, पण ज्यांना नेमके तेच हवे होते त्यांना पत्ता कळला. याच इगतपुरीत धम्मगिरी हे विपश्यना केंद्र आहे आणि तिथे दहा दिवसांच्या शिबिरात साधक मौन पाळतात.

अपेक्षा आणि वास्तव यांची फारकत सगळ्यात आधी बागेत कळते. जाहिरातीत घड बारमाही लटकलेले असतात. प्रत्यक्षात एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, आणि वाइनच्या द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते मार्च. जूनमध्ये आलेल्या पाहुण्याला नुसती पाने दिसतात, छाटणीनंतर आलेल्याला उघड्या काड्या. जिल्ह्यातली बहुतेक द्राक्षे खाण्याची, थॉमसन आणि तिच्या वाणांची. वाइनच्या द्राक्षांचा वाटा त्यात थोडका. निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याच्या डोक्यात डावणी आणि भुरी हे बुरशीचे रोग, अवकाळी पाऊस आणि गारपीट असते. पहाटे ब्लोअरने फवारणी चाललेली बाग कुठल्याच रीलमध्ये येत नाही, आणि फवारलेल्या बागेत फोटोसाठी शिरू नये हे पाहुण्याला कोणी सांगितलेले नसते. पायाने द्राक्षे तुडवण्याचा कार्यक्रमही पाहुण्यांसाठीच. वाइनरीत रस यंत्राने काढतात आणि तो स्टीलच्या टाक्यांत आंबतो.

एकदा बसलेली सूचना बदलणे खर्चिक असते. लास व्हेगासने १९९०च्या दशकात कुटुंबांचे शहर म्हणून मिरवून पाहिले आणि २००३ मध्ये ‘इथे घडते ते इथेच राहते’ या आशयाच्या मोहिमेने पुन्हा जुनीच वाट धरली. पण व्हेगासची मोहीम तिथल्या पर्यटन प्राधिकरणाची होती. गावाने आपली प्रतिमा आपणच निवडली. नाशिकची चैनी प्रतिमा वाइनरी, रिसॉर्टे, व्हिलामालक आणि रील करणारे मिळून घडवतात, प्रत्येकजण आपापल्या शनिवार-रविवारपुरती. फायदा खराच आहे : हॉटेलांत, टॅक्सीत, मळ्यातल्या मिसळीच्या ठिकाणी रोजगार आला, आणि जिल्ह्यातल्या मुलामुलींना मुंबई न गाठता हॉटेल व्यवसायात शिरता आले. त्याच टेस्टिंग रूममध्ये काम करणाऱ्या मुलीच्या घरी सोयरीक जुळवताना ‘नक्की कुठे नोकरी?’ असा प्रश्न येतो, तो मात्र जाहिरातीच्या हिशेबात धरला जात नाही.

कायद्याचा आधार इथे तोकडा पडतो. जाहिरातींवर स्वयंनियमन करणारी अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल १९८५ पासून आहे, आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी आडोशाच्या जाहिरातींना मनाई केली आहे. दोन्हींचा रोख फसलेल्या ग्राहकावर. गाव हे ग्राहक नसते. ‘नाशिक व्हॅली वाइन’ आणि नाशिकच्या द्राक्षांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्यामुळे दुसरीकडच्या उत्पादकाला हे नाव आपल्या बाटलीवर वा पेटीवर लावता येत नाही; मात्र व्हिलाच्या जाहिरातीत ते हवे तसे वापरता येते. आपल्या हद्दीतल्या फलकावर त्र्यंबकच्या नगर परिषदेला किंवा गंगापूर परिसरातल्या ग्रामपंचायतीला परवानगी आणि करापुरता हात घालता येतो. ठाण्यात लागलेल्या होर्डिंगवर आणि फोनवरच्या रीलवर तोही चालत नाही.