हॅसलब्लाडचा कॅमेरा आणि हॅसलब्लाड लिहिलेला कॅमेरा

गेल्या महिन्यात येवल्याच्या एका पैठणीवाल्या काकांनी मला एक कोटेशन पाठवलं. कॅटलॉगचं शूट, पदराचे क्लोजअप, दुकानावर लावायचा मोठा बॅनर, वरून विणकरांच्या वाड्याचा एक शॉट, असं सगळं त्यात होतं आणि कॅमेऱ्याच्या रकान्यात लिहिलेलं "हॅसलब्लाड मीडियम फॉरमॅट ड्रोन". ड्रोन कुठला, तर मॅव्हिक 2 प्रो. काका म्हणाले, "अरे हा तोच ना, चंद्रावर गेलेला? मग साड्या पण यानेच काढू, दुसऱ्या कॅमेऱ्याचे पैसे कशाला द्यायचे?"

हा घोळ मी इतक्यांदा ऐकलाय की आता एकदा नीट लिहूनच टाकतो. लोकांच्या डोक्यात हिशोब असा असतो की डीजेआय या ड्रोनच्या कंपनीने हॅसलब्लाड ही कॅमेऱ्यांची कंपनी घेतली, म्हणजे डीजेआयच्या ड्रोनमध्ये हॅसलब्लाडचा कॅमेरा आला, म्हणजे ड्रोनमध्ये मीडियम फॉरमॅट, म्हणजे मोठ्या सेन्सरचा (उजेड टिपणाऱ्या मोठ्या चकतीचा) कॅमेरा आला. यातलं पहिलं खरं आहे, दुसरं अर्धं खरं आहे आणि तिसरं साफ चूक आहे.

डीजेआय काय आहे ते सांगत बसत नाही, लग्नात डोक्यावर भुणभुणणारं जे असतं ते बहुतेक वेळा त्यांचंच असतं. शेन्झेनची कंपनी, 2006 ची. हॅसलब्लाड मात्र स्वीडनच्या गॉथेनबर्गची, मूळ व्यापारी पेढी 1841 ची आणि व्हिक्टर हॅसलब्लाड यांनी पहिला नागरी वापराचा कॅमेरा बाजारात आणला तो 1948 ला. मग 1957 ला त्यांचा 500सी हा कॅमेरा आला. त्यातले 500 म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग, आणि शटर बॉडीत नाही तर लेन्समध्ये, त्यामुळे त्या स्पीडपर्यंत फ्लॅश कुठेही चालायचा. 1962 ला अंतराळवीर वॉली शिरा यांनी 500सी अंतराळात नेला, 1969 ला अपोलो 11 सोबत त्याच घराण्यातला कॅमेरा चंद्रावर उतरला, बॉडी तिथेच ठेवली आणि फिल्मची मॅगझिन तेवढी परत आणली. ज्यांच्याकडे मी काम शिकलो त्यांच्याकडे असला एक जुना हॅसलब्लाड होता. पोटाशी धरून वरून खाली बघायचं, काचेवर चित्र डावं-उजवं उलटं दिसायचं, आणि बटण दाबलं की आतला आरसा असा धपकन वर जायचा की शेजारच्याला कळायचं फोटो निघाला. चौकोनी निगेटिव्ह, 56 बाय 56 मिलिमीटर. ती लाइट टेबलवर ठेवून भिंगातून बघितली की पापण्यांचे केस मोजता यायचे.

आता विकत घेण्याची गोष्ट. डीजेआयने हॅसलब्लाडमध्ये पहिल्यांदा छोटा हिस्सा घेतला नोव्हेंबर 2015 ला, आणि मोठा हिस्सा त्यांच्या हातात गेल्याची बातमी आली 2017 च्या सुरुवातीला. मधल्या काळात, जून 2016 ला, हॅसलब्लाडने एक्स1डी दाखवला, आरसा नसलेला पहिला डिजिटल मीडियम फॉरमॅट कॅमेरा. म्हणजे विक्री झाली ती कंपनीच्या मालकीची. कॅमेरे गॉथेनबर्गलाच तयार होत राहिले. तारखा इतक्या देतोय कारण "चिन्यांनी घेतल्यावर एक्स1डी आला" आणि "एक्स1डी आल्यावर घेतली" अशी दोन्ही वाक्यं मी ठामपणे सांगितलेली ऐकलीत, आणि खरं दोन्हीच्या मध्ये आहे.

ऑगस्ट 2018 ला मॅव्हिक 2 प्रो आला आणि त्याच्या कॅमेऱ्यावर हॅसलब्लाड हे नाव आलं. इथून पुढे सगळा गोंधळ.

त्या कॅमेऱ्यातला सेन्सर होता एक इंचाचा. आता "एक इंच" हे नावच मुळात फसवं आहे, माझा त्याच्यावर कायमचा राग आहे, कारण त्यात कुठेच एक इंच भरत नाही. प्रत्यक्षात तो 13.2 बाय 8.8 मिलिमीटर असतो. एक्स1डीचा सेन्सर 43.8 बाय 32.9. आकडे वाचून काही कळत नाही म्हणून मी काकांना जे करून दाखवलं तेच तुम्हीही करा. मुलांच्या वहीतला आलेख कागद घ्या, मिलिमीटरच्या चौकटींचा. त्यावर 44 बाय 33 चा आयत कापा, मग 13 बाय 9 चा कापा, आणि छोटा मोठ्यावर ठेवा. मोठा हा काडेपेटीपेक्षा जरासा लहान, आणि छोटा करंगळीच्या नखाएवढा. क्षेत्रफळ काढलं तर मोठ्यात छोटे बारा मावतात. बारा! काका बराच वेळ ते दोन तुकडे बोटाने इकडेतिकडे सरकवत बसले होते.

हे क्षेत्रफळच का महत्त्वाचं, तर अंगणात पाऊस पडतोय आणि तुम्ही एक परात ठेवली आणि एक वाटी ठेवली, पाऊस दोघांवर सारखाच पडतो पण परातीत पाणी जास्त जमतं, तसंच उजेडाचं आहे. जास्त उजेड जमला की काळोख्या भागातला तपशील खेचून वर काढता येतो, जांभळ्यातला जांभळा आणि त्याच्या शेजारचा वांगी रंग वेगळे राहतात, जरीवरची चमक एकदम पांढरी होऊन जात नाही. मीडियम फॉरमॅट हा शब्द या आकारासाठीच आहे. तो ना कंपनीचा शिक्का आहे, ना "क्वालिटी"चा दुसरा शब्द. कॅमेऱ्यावर कुणाचंही नाव असो, सेन्सर 36 बाय 24 च्या फुल फ्रेमपेक्षा मोठा असेल तर मीडियम फॉरमॅट म्हणा, नाहीतर म्हणू नका.

आणि हे मॅव्हिक 2 प्रो वाईट आहे असं म्हणायला लिहीत नाहीये. त्याच डीजेआयचा फँटम 4 प्रो 2016 ला आला होता, त्यातही एक इंचाचा 20 मेगापिक्सेल सेन्सर होता, शिवाय मेकॅनिकल शटर होतं, आणि त्यावर हॅसलब्लाडचं नाव नव्हतं. दोन वर्षांनी नाव आलं, सेन्सरचा आकार तोच राहिला. मग नावाने आणलं काय? मुख्य म्हणजे रंग. हॅसलब्लाडची स्वतःची रंगांची पद्धत आहे, नॅचरल कलर सोल्यूशन म्हणतात, त्यात पोर्ट्रेटला वेगळा प्रोफाइल आणि लँडस्केपला वेगळा असं न करता सगळ्याला एकच प्रोफाइल वापरतात आणि कातडीचा, गवताचा, आभाळाचा रंग खऱ्याच्या जवळ ठेवतात. ती ड्रोनमध्ये आली, आणि ती खरंच चांगली आहे, मला आवडते, हिरवा रंग उगाच ओरडत नाही. पण रंगांची पद्धत सेन्सर मोठा करत नाही. चांगल्या मसाल्याने भाजीला चव येते, भाजी काही वाढत नाही.

पुढे 2021 ला मॅव्हिक 3 मध्ये फोर थर्ड्‌स सेन्सर आला, साधारण 17 बाय 13, आणि 2025 च्या मॅव्हिक 4 प्रो मध्ये त्याच आकारावर 100 मेगापिक्सेल. इथे तर जाणती माणसंही अडखळतात, कारण हॅसलब्लाडचा एक्स2डी पण 100 मेगापिक्सेल, नाव तेच, आकडा तोच, मग फरक काय. परत आलेख कागद काढा. एक्स2डीचा सेन्सर एक्स1डीएवढाच, म्हणजे या ड्रोनच्या सेन्सरच्या साधारण साडेसहा पट आहे आणि पिक्सेल दोघांत सारखेच, म्हणजे ड्रोनच्या एकेका पिक्सेलला जागा साडेसहा पट कमी. दोन्हीकडे शंभर माणसं जेवायला आहेत, पण एकीकडे साडेसहा पट भात शिजलाय. मेगापिक्सेल म्हणजे पानं किती वाढली, पानात किती पडलं ते त्यात येत नाही. कोटेशनमध्ये नुसता मेगापिक्सेलचा आकडा लिहिणाऱ्यांना मी सेन्सरचा आकार मिलिमीटरमध्ये मागतो, आणि तुम्ही पण मागा.

मग खरा मीडियम फॉरमॅट उडालाच नाही का कधी, तर उडालाय. डीजेआयचा एम600 नावाचा सहा पंख्यांचा ड्रोन होता, त्याला खाली हॅसलब्लाडचा एच6डी-100सी टांगता यायचा. तो घडी घालून पाठीवरच्या पिशवीत जाणारा प्रकार नव्हता. सेन्सर मोठा म्हटल्यावर लेन्स मोठी, लेन्स मोठी म्हटल्यावर वजन, वजन म्हटल्यावर पंखे आणि बॅटऱ्या. म्हणून ड्रोन एका हाताच्या पंजावर ठेवून कुणी मीडियम फॉरमॅट म्हणालं तर तिथेच थांबवायचं.

याच्या उलटा घोळ पण आहे, आणि तो जुन्या फिल्मवाल्यांचा. "ड्रोनवाल्यांनी घेतली, हॅसलब्लाड संपली, आता नुसतं नाव उरलं." मला हे ऐकून जास्त त्रास होतो कारण हे बोलणारे माझ्याच गोतातले आहेत. नाव चिकटवायचं सगळ्यात वाईट काम हॅसलब्लाडने केलं ते डीजेआय यायच्या आधी. 2012 ला लुनार नावाचा कॅमेरा दाखवला, आत सोनीचा नेक्स-7 कॅमेरा आणि बाहेर लाकडी मूठ, आणि किंमत पाच हजार युरोच्या आसपास. तेव्हा मालक होता एक गुंतवणूक फंड. आणि त्याही आधी सगळं काही घरीच बनायचं असंही नाही, जुन्या लेन्स झाइसच्या, 2002 च्या एच1 च्या लेन्स फुजीच्या, 1998 चा लांबुडक्या चौकटीचा एक्सपॅन तर फुजीबरोबरच केलेला. डीजेआय आल्यानंतर एक्स2डी आला, 907एक्स आला, ऑगस्ट 2025 ला एक्स2डी 2 आला, त्यात फोकसला लायडार, म्हणजे लेसरने अंतर मोजणारी यंत्रणा आहे आणि किंमत आधीच्या 8,199 डॉलरवरून 7,399 वर आली. माझं स्पष्ट मत, फंडापेक्षा कॅमेऱ्याचं पोट माहीत असलेला मालक बरा.

फोनचं दोन ओळीत. वनप्लसने 2021 पासून आणि ओप्पोने 2022 पासून हॅसलब्लाडचं नाव लावलं, तो करार होता. त्यांनी कंपनी विकत घेतली नाही. वनप्लसचा करार संपलाही. तिथे पण रंगांचं ट्यूनिंग आणि एक्सपॅनसारखी लांबुडकी चौकट, सेन्सर फोनचाच.

काकांचं पुढे असं झालं. मॅव्हिक 2 प्रो एक मीटरच्या आत फोकसच करत नाही, हे मी त्यांना सांगितलं आणि पदरावरचा मोर त्यांच्यासमोर टेबलावर पसरला. मोराच्या डोळ्यात एकच लाल धागा होता, तांदळाच्या दाण्याहून बारीक. हा धागा बॅनरवर दिसायला हवा का, विचारलं. ते म्हणाले, "दिसायलाच पाहिजे, तो माझ्या आईने विणलाय." मग वाड्याचा वरचा शॉट त्याच ड्रोनने घ्यायचं ठरलं, तो त्यात छानच येतो, आणि साड्यांसाठी दोन दिवस एक्स2डी आणि 120 मिलिमीटरची मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची लेन्स भाड्याने आणली. कोटेशनमधल्या त्या ओळीतले "मीडियम फॉरमॅट" हे दोन शब्द काकांनी स्वतः पेनाने खोडले आणि शेजारी लिहिलं, 13 बाय 9.