कंपनीप्रणीत मुक्तस्रोत सॉफ्टवेअर : समुदायाचा सहभाग आणि पूर्वसुसंगतता

एखाद्या कंपनीने स्वतःच्या खर्चाने घडवलेले आणि मुक्त परवान्याखाली सर्वांना खुले केलेले सॉफ्टवेअर म्हणजे कंपनीप्रणीत मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. गूगलची गो ही प्रोग्रॅमिंग भाषा व अँग्युलर ही वेब-ॲप घडवण्याची चौकट आणि ॲपलची स्विफ्ट ही भाषा ही त्याची परिचित उदाहरणे. असा कोड कोणालाही वाचता, बदलता व वाटता येतो. पण मूळ भांडारात (कोड साठवण्याच्या जागेत) काय घ्यायचे, नवी आवृत्ती कधी काढायची आणि जुने काय मोडायचे हे बहुधा कंपनीचे पगारी मेंटेनर, म्हणजे कोड सांभाळणारे, ठरवतात. परवान्याने कोडवर हक्क मिळतो, निर्णयावर मिळत नाही.

जुन्या आवृत्तीवर बेतलेला कोड नव्या आवृत्तीवर जसाच्या तसा चालणे याला पूर्वसुसंगतता किंवा बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी म्हणतात. ही बाब तांत्रिक समजली जाते. वास्तविक बदलाचा खर्च कोणी सोसायचा, हा तिच्यातला खरा प्रश्न आहे. एखादे फंक्शन (ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा) काढून टाकले की मेंटेनरांचे ओझे उतरते आणि तेच ओझे वापरणाऱ्या प्रत्येकावर चढते. गूगलसारख्या कंपनीत बहुतांश कोड एकाच भांडारात असतो, त्यामुळे एपीआय, म्हणजे इतर कोडने वापरायचा दुवा, बदलणारा गट तो वापरणाऱ्या सर्व जागा स्वतःच दुरुस्त करू शकतो. बाहेरच्या वापरकर्त्यांच्या कोडपर्यंत हा हात पोहोचत नाही. आत सोपा वाटलेला बदल बाहेर महिनोन्‌महिने का छळतो, याचे मोठे कारण हेच.

अँग्युलरच्या बाबतीत हे उघड दिसले. २०१० साली आलेल्या अँग्युलरजेएसची, म्हणजे अँग्युलरच्या पहिल्या पिढीची, दुसरी पिढी पहिलीशी सुसंगत नसेल, असे २०१४ च्या ऑक्टोबरात जाहीर झाले आणि वापरकर्ते खवळले. पुढे दोन्ही पिढ्या एकाच ॲपमध्ये शेजारी चालवण्याची सोय करण्यात आली. नवी आवृत्ती सप्टेंबर २०१६ मध्ये निघाली, तर जुनीचा आधार २०२१ अखेर थांबला. नंतर या गटाने सहामाही आवृत्त्या, काढून टाकण्याआधी पूर्वसूचना आणि कोड आपोआप बदलून देणारी साधने ही शिस्त लावून घेतली. समुदायाच्या रागातून एवढे हाती लागले हे थोडे नव्हे.

गोची वाट वेगळी. मार्च २०१२ मध्ये गो १ सोबत लेखी हमी आली : या आवृत्तीसाठी लिहिलेले प्रोग्रॅम पुढच्या गो १.x आवृत्त्यांतही चालतील. सुरक्षेसारखे मोजके अपवाद तिथेच नमूद होते. मॅपमधील (नाव-मूल्य जोड्यांच्या साठ्यातील) घटक एकेक करून वाचण्याचा क्रम त्याच आवृत्तीपासून मुद्दाम अनिश्चित ठेवला गेला, म्हणजे हमीबाहेरच्या वागणुकीवर कोणी विसंबून राहू नये. फॉर लूपमधील (तेच काम पुन्हापुन्हा करणाऱ्या रचनेतील) चलांचा अर्थ फेब्रुवारी २०२४ च्या १.२२ आवृत्तीत बदलला, तोही फक्त आपल्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे एकत्र वाटल्या जाणाऱ्या कोडच्या संचात, ती किंवा पुढची आवृत्ती नोंदवणाऱ्यांसाठी. जुन्या मॉड्यूलचा अर्थ जागचा हलला नाही. कंपनीने स्वतःचे हात असे बांधून घेणे, हे कित्येक स्वागतपर घोषणांपेक्षा मोलाचे.

तरी हमी म्हणजे सहभाग नव्हे. त्रुटी हाताळण्यासाठी गो गटाने मांडलेला ‘ट्राय’ प्रस्ताव जुलै २०१९ मध्ये समुदायाच्या तीव्र विरोधानंतर मागे घेतला गेला. त्याच्या उलट, समुदायातील कार्यकर्त्यांनी गो गटाच्या प्रोत्साहनाने ‘डेप’ हे पॅकेज-साधन, म्हणजे इतरांचे तयार कोड-संच आणून सांभाळणारे साधन, उभारले होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये गो गटाच्या प्रमुखाने वेगळीच रचना मांडली आणि अखेर तीच स्वीकारली गेली. तांत्रिक कारणे काहीही असोत, राबलेल्या माणसांना ही जखम झाली. निर्णय कोणाच्या हाती आहे हे काम सुरू होण्याआधी सांगणे ही साधी सचोटी आहे.

समुदायाला विचारले की सुसंगतता आपोआप राखली जाते, असेही नाही. स्विफ्ट डिसेंबर २०१५ मध्ये मुक्त झाली आणि खुल्या प्रस्तावांतूनच सी या जुन्या भाषेच्या धाटणीचा फॉर लूप हटवला गेला. २०१६ ची स्विफ्ट ३ जुना कोड मोडणारी ठरली. चर्चेला येतात ते उत्साही लोक. चालू प्रणाली सांभाळणारे बहुधा गप्प असतात. या गप्प लोकांचा विचार करणारा उपाय रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेने योजला. मोझिलाच्या आश्रयाने वाढलेल्या या भाषेत ‘क्रेटर’ हे साधन नवा कंपायलर (कोडचे चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये रूपांतर करणारा) हजारो सार्वजनिक पॅकेजांवर चालवून काय मोडते ते आधीच दाखवते.

समुदायाचा शेवटचा अधिकार म्हणजे फोर्क, म्हणजे कोडची प्रत घेऊन वेगळा प्रकल्प चालवणे, आणि फोर्कचे भांडवल असते सुसंगतता. मायएसक्यूएल या डेटाबेसपासून २००९ मध्ये फुटलेली मारियाडीबी सुरुवातीला मूळच्या जागी सहज बसवता येई. ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म या सर्व्हर-व्यवस्था उभारण्याच्या साधनाचा परवाना बदलून बंधने आल्यावर ओपनटोफू हा त्याचा फोर्क उभा राहिला. रेडिस या डेटाबेसने मार्च २०२४ मध्ये परवाना बदलला, तेव्हा त्याच्या ७.२.४ या आवृत्तीवरून व्हॅल्की निघाली. तिची पहिली स्थिर आवृत्ती ७.२.५ क्रमांकाने आली आणि जुने क्लायंट (डेटाबेसशी बोलणारे प्रोग्रॅम) तिच्याशी न बदलता बोलू शकत होते.